कृतज्ञ राहायचं, पण गप्प बसायचं नाही : जमतं का हे?

पायवाट

बातम्या उघडल्या की युद्ध, महागाई, पूर, वणवे. खाली प्रतिक्रियांमध्ये एकमेकांच्या उरावर बसलेली माणसं. अशा दिवसांत कोणी "कृतज्ञतेची वही लिही, बरं वाटेल" म्हणालं की डोक्यात तिडीक जाते. तरी मी ती वही लिहिते. बरं वाटावं म्हणून मात्र लिहीत नाही, आणि धागा काढायचं कारण तेच आहे.

वेगवेगळ्या स्वयंसेवी गटांत काम करताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली. संतापून आलेली माणसं सुरुवातीला धडाक्याने काम करतात, आणि मग एक दिवस ग्रुपमधून गुपचूप बाहेर पडतात. वर्षानुवर्षं टिकणाऱ्यांनाही राग येतो, खूप येतो. पण त्यांना विचारलं की "अमकीने तेव्हा किती खस्ता खाल्ल्या माहितेय का" अशी नावं धडाधड सांगतात. आपण कोणाच्या तरी कष्टावर उभे आहोत हे त्यांना पाठ असतं. हे माझं निरीक्षण, शास्त्र नाही. शास्त्रवाले खाली येतीलच.

माझ्या वहीला एकच अट आहे. 'निसर्ग', 'आरोग्य', 'कुटुंब' असलं गुळगुळीत काही लिहायचं नाही. आज मला काय मिळालं, ते कोणी केलं, आणि करणाऱ्याला ते कितीला पडलं, एवढंच. पहिले दोन प्रश्न सोपे आहेत. तिसऱ्यापाशी पेन अडतं.

उदाहरण देते. मध्यंतरी ऑफिसच्या जिन्याच्या दाराबद्दल लिहिलं. तेच ते, आडवी दांडी असलेलं, नुसतं अंग टेकलं तरी बाहेरच्या बाजूला उघडणारं आपत्कालीन दार. हे कोणामुळे मिळालं म्हणून शोधत गेले तर २५ मार्च १९११ ला पोचले. न्यूयॉर्कमधल्या ट्रँगल शर्टवेस्ट कारखान्याची आग. १४६ कामगार गेले, बहुतेक परदेशातून आलेल्या तरुण मुली. नवव्या मजल्यावरचं एक दार कुलूपबंद होतं. अग्निशमन दलाच्या शिड्या सहाव्या मजल्याच्या आसपास संपत होत्या आणि कारखाना आठव्या, नवव्या, दहाव्या मजल्यावर. त्याआधी जेमतेम दीड वर्ष, १९०९ मध्ये, याच धंद्यातल्या मुलींनी मोठा संप केला होता आणि मागण्यांमध्ये सुरक्षितताही होती. ट्रँगलच्या मालकांनी संघटनेशी करार केला नाही. आगीनंतर चौकशी आयोग बसला, आणि दारं बाहेरच्या बाजूला उघडली पाहिजेत, कामाच्या वेळेत कुलूप नको, असे कायदे झाले. ती आग रस्त्यावर उभं राहून पाहणारी फ्रान्सिस पर्किन्स १९३३ मध्ये अमेरिकेची कामगारमंत्री झाली.

हे सगळं वाचून झाल्यावर आमच्या मजल्यावरचं ते दार बघायला गेले. दारासमोर जुन्या खुर्च्यांची चळत, त्यावर प्रिंटरची रिकामी खोकी, आणि दांडीला कोणीतरी छत्री अडकवलेली. रोज त्याच्यासमोरून जात होते हो मी. ईमेल, स्मरणपत्र, पुन्हा ईमेल, "जागा नाहीये मॅडम", मग वरच्यांना प्रत घालून ईमेल, असं करत शेवटी ते मोकळं झालं. वही लिहिली नसती तर मी त्या खुर्च्यांकडे कधी पाहिलंच नसतं.

तर प्रश्न असा, की तुमच्याकडे कृतज्ञता माणसाला हलवते की निजवते?

रातकिडा

रुमाल टाकून ठेवतो. रात्री सविस्तर. एका स्वयंपाक्याबद्दल लिहायचंय.

उलटतपासणी

लेख आवडला, म्हणूनच वाकड्यात शिरतो.

"कृतज्ञ राहा" हे वाक्य कोण कोणाला म्हणतं ते बघा. मालक नोकराला म्हणतो, सासर सुनेला म्हणतं, यजमान देश निर्वासितांना म्हणतो. उलट्या दिशेने ऐकलंय कधी? कारखान्याच्या मालकाने सकाळी उठून वहीत लिहिलं असेल की मशीनवरच्या माणसाचा मी ऋणी आहे?

जॉर्ज पुलमन आठवा. रेल्वेचे आलिशान डबे बनवणारा. १८८० च्या दशकात शिकागोजवळ कामगारांसाठी अख्खं गाव वसवलं. विटांची घरं, बाग, वाचनालय, सगळं झकपक. लोक लांबून बघायला यायचे. १८९३ ची मंदी आली तशी त्याने मजुरी साधारण पाव हिश्श्याने कापली, घरभाडं मात्र तसंच ठेवलं. घरही त्याचं, पगारही त्याचाच. कामगार बोलायला गेले तर ऐकून घेतलं नाही, आणि १८९४ मध्ये संप पेटला. शेवटी १८९८ मध्ये इलिनॉयच्या सर्वोच्च न्यायालयाने कंपनीला ते गाव विकायला लावलं.

मला सांगा, त्या कामगाराने रात्री वहीत काय लिहायचं होतं? "आज डोक्यावर छप्पर आहे, मालकाची कृपा"? छप्पर होतंच की! खोटं काहीच नाही त्यात. पण ते लिहून संप झाला असता का?

ही वही म्हणजे पोटभरल्यांचा छंद आहे असं माझं मत. बदलून दाखवा.

पायवाट

@उलटतपासणी, पुलमनचं उदाहरण नेमकं आहे, पण तिसरा प्रश्न विसरलात. ते छप्पर उभारणाऱ्याला कितीला पडलं? उभारलं कोणी? त्याच कामगारांच्या घामाच्या पैशावर ते गाव उभं होतं. वही प्रामाणिकपणे लिहिली तर आभार शेजारच्या गवंड्याचे आणि डबे घडवणाऱ्या सुताराचे निघतात. पुलमनच्या वाट्याला फार काही येत नाही.

कोपऱ्यातली

+१. आभार वरच्या दिशेने गेले की पाठ वाकते, शेजारी गेले की हात मिळतो. असं काहीसं.

(कविता नाही ही, घाबरू नका.)

आकडेमोड

शास्त्रवाल्यांना हाक आली म्हणून आलो. मुद्दा दोन्ही बाजूंनी आहे, आणि तोच मला या विषयात रस वाटायचं कारण.

सगळ्यांना ठाऊक असलेला प्रयोग एमन्स आणि मॅककला यांचा, २००३ चा. काहींना आठवड्यातून एकदा कृतज्ञ वाटण्याजोग्या गोष्टी लिहायला सांगितल्या, काहींना कटकटी, काहींना नुसत्याच घडामोडी. दहा आठवडे. पहिल्या गटाला आयुष्य बरं वाटू लागलं वगैरे, ते सगळीकडे छापून येतं. कमी छापलं जातं ते हे, की रोज लिहायच्या प्रकारात कृतज्ञता लिहिणाऱ्यांनी आपण दुसऱ्याला मदत केली, आधार दिला, असंही जास्त नोंदवलं.

२००६ मध्ये बार्टलेट आणि डेस्टेनो यांनी जरा खट्याळ प्रयोग केला. प्रयोगशाळेत तुम्ही संगणकावर कंटाळवाणं काम संपवता आणि नेमका पडदा काळा होतो. आता सगळं पुन्हा करा. तेवढ्यात शेजारी बसलेली मुलगी (ती त्यांचीच माणूस) केबल वगैरे तपासून तो सुरू करून देते. थोड्या वेळाने ती किंवा एखादी पूर्ण अनोळखी व्यक्ती तुम्हाला एक रटाळ प्रश्नावली भरून मागते. ज्यांना आधी मदत झाली होती ते अनोळखी व्यक्तीसाठीही जास्त वेळ देत होते. पण पुढच्या फेरीत त्यांना आठवण करून दिली, की तुम्हाला बरं वाटतंय ते त्या मुलीमुळे. झालं! अनोळखी माणसाला होणारी जास्तीची मदत ओसरली. म्हणजे कृतज्ञता आपोआप समाजभर पसरते असं नाही. हिशोब एका माणसाच्या नावावर मांडला की ती तिथेच फिटते. @पायवाट, तुमच्या "कोणी केलं" या प्रश्नाला हा धोका आहे. एकाच नावावर थांबलात तर परतफेड होईल, बदल होणार नाही.

ग्रँट आणि जीनो यांचा २०१० चा अभ्यास मला सगळ्यांत उपयोगी वाटतो. एका विद्यार्थ्याच्या नोकरीच्या अर्जावर लोकांनी ईमेलने सूचना दिल्या. त्याने उत्तरात काहींना नुसती पोच दिली, काहींचे आभार मानले. मग त्याने पुन्हा मदत मागितली. पोचवाल्यांपैकी ३२ टक्के तयार झाले, आभारवाल्यांपैकी ६६. दुसऱ्याच विद्यार्थ्याने मागितली तरी २५ विरुद्ध ५५. कारण काय, तर आभार मिळालेल्यांना आपली किंमत आहे असं वाटलं. म्हणजे आपण वहीत काय लिहितो यापेक्षा ते समोरच्याला कळवतो की नाही, याने जास्त फरक पडतो. वहीतले आभार वहीतच राहिले तर त्या माणसाला त्याचा काय उपयोग?

आता उलटतपासणींच्या बाजूचं. क्सेनोफोंटोव आणि बेकर यांनी २०२० मध्ये दाखवलं, की कमी सत्ता असलेल्या गटातल्या लोकांनी सत्तावान गटाच्या मदतीबद्दल आभार व्यक्त केले की स्वतःच्या हक्कांसाठी विरोध करायची त्यांची तयारी घटते. अन्याय करणाऱ्याला माफ करायकडे कल वाढतो. अगदी पुलमनचं गाव.

आणि नैराश्य असलेल्यांना वही हातात देणाऱ्यांनो, जरा दमानं. ओहायो स्टेट विद्यापीठातल्या दोघांनी २७ अभ्यास एकत्र तपासले, तर नैराश्य आणि चिंतेवर या व्यायामांचा परिणाम फारच माफक निघाला. तो उपचार नव्हे.

गंमत_जंमत

एवढं वाचून झालं. मग वही ठेवू की फाडू? (हलकं घ्या.)

आकडेमोड

ठेवा. मागची पानं पत्रं लिहायला वापरा.

रातपाळी

मी नर्स आहे. वाचनमात्र असते एरवी, पण या धाग्यावर गप्प बसवेना.

टाळ्यांचा विषय कोणी काढला नाही याचं नवल वाटलं. ब्रिटनमध्ये २६ मार्च २०२० पासून दर गुरुवारी संध्याकाळी लोक दारात उभे राहून आमच्या व्यवसायातल्या माणसांसाठी टाळ्या वाजवत होते. दहा गुरुवार चाललं ते. मनापासून होतं, मला त्यात ढोंग दिसत नाही. पुढच्या वर्षी मार्चमध्ये तिथल्या सरकारने इंग्लंडसाठी सुचवलेली पगारवाढ होती १ टक्का. ओरड झाल्यावर ३ टक्के झाली. आणि डिसेंबर २०२२ मध्ये नर्सांच्या संघटनेने तिच्या इतिहासातला सर्वांत मोठा संप केला. टाळ्या वाजवणारे काही हात त्या वेळी फलक धरून सोबत उभे होते, आणि काही जण "एवढा मान दिला, तरी संप?" म्हणत होते. आभार दोघांनीही मानले होते.

आता माझं. आमच्या वॉर्डात डिस्चार्जच्या दिवशी कार्ड, फुलं, फोटो वगैरे चालतं. छान वाटतं, चार दिवसांत विसरायला होतं. एक पत्र मात्र विसरले नाही. एका पेशंटच्या मुलीने लिहिलं होतं. तिचे वडील रात्री बेडवरून उठायचा हट्ट करायचे, सलाईन ओढायचे. तिने लिहिलं होतं की अमुक रात्री सिस्टर तीन वेळा आल्या, प्रत्येक वेळी आधी बाबांच्या हाताला हात लावला, मग लाइट लावला, त्यामुळे बाबा दचकले नाहीत. मी तसं करते हे मलाच माहीत नव्हतं! आणि त्याच्याच खाली तिने लिहिलं होतं : चौथ्यांदा बेल वाजवली तेव्हा सिस्टर येऊ शकल्या नाहीत, कारण पलीकडे कोणाचा तरी श्वास अडकला होता आणि रात्री अख्ख्या वॉर्डाला दोघीच होत्या. "दोघींवर एवढे पेशंट का, याचं उत्तर मला हवंय," असं तिने विचारलं होतं. पत्राची एक प्रत मला, एक मेट्रनना, एक वरच्या कार्यालयाला.

नुसती तक्रार असती तर आमच्यावरच शेकली असती, "तुम्ही बेलला का गेला नाहीत" म्हणून. नुसते आभार असते तर पत्र फळ्यावर लागलं असतं. दोन्ही एकाच कागदावर होतं म्हणून ते पत्र मीटिंगमध्ये वाचावं लागलं. रात्रीला तिसरी माणूस मिळाली. कायमची नाही, ती लढाई चालूच आहे. पण त्या मीटिंगला आम्ही मान खाली घालून बसलो नव्हतो.

उलटतपासणी

@रातपाळी, तुमच्या प्रतिसादापुढे वाद घालायला जीभ रेटत नाहीये. पण एक शंका राहतेच. ती मुलगी लिहू शकली कारण तिला लिहिता येतं, प्रत कोणाला पाठवायची ते कळतं. ज्याचं काम सुटलंय, घर गेलंय, त्याला हा धागा काय देतो?

रातपाळी

त्याला काहीच सांगू नये. मी तरी सांगत नाही. कृतज्ञता दुसऱ्याला करायला सांगितली की तिचा उपदेश होतो, आणि दुखणाऱ्या माणसाला केलेला उपदेश म्हणजे शुद्ध क्रौर्य. स्वतःपुरतं ठेवायचं. त्याचं काम सुटलं असेल तर माझ्या वहीत प्रश्न असा, की त्याने इतकी वर्षं केलेल्या कामातलं माझ्यापर्यंत काय पोचलं, आणि आता त्याच्यासाठी मी कुठे उभी राहणार.

पायवाट

अगदी. यावरून जोआना मेसी आठवल्या. पर्यावरण आणि अण्वस्त्रविरोधी चळवळीतल्या थकलेल्या लोकांसोबत त्यांनी जी पद्धत घडवली, तिचे चार टप्पे आहेत. पहिला कृतज्ञतेचा आणि लगेच दुसरा जगाबद्दलच्या दुःखाला मान देण्याचा. मग नव्या नजरेने पाहणं, आणि शेवटी कामाला लागणं. वह्या विकणारे पहिल्या टप्प्यावर गल्ला मोजून घरी जातात. ज्या गोष्टीची किंमत कळली तिचं नुकसान झालं की दुखणारच. ते दुखणं टाळायला कृतज्ञता वापरली की तिचं गुंगीचं औषध होतं.

जुना_खेळाडू

वय झालंय, थोडक्यात लिहितो. कामगार संघटनेत हयात गेली. आठ तासांचा दिवस ही आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या अगदी पहिल्याच कराराची गोष्ट, १९१९ ची. त्याआधी त्यासाठी किती पिढ्या झिजल्या ते आम्ही नव्या पोरांना शिकवायचो. पुढे पुढे त्याचं हत्यार झालं. पोरं काही नवीन मागायला लागली की आम्ही म्हाताऱ्यांनी सुरू करायचं, "आमच्यामुळे मिळालंय तुम्हाला, जाणीव ठेवा." मालकाची भाषा आमच्या तोंडी! मालकाने म्हटलं की पोरं उसळतात, आपल्याच माणसाने म्हटलं की गप्प होतात. म्हणून हे जास्त वाईट. चळवळीतल्या लोकांनी आधी स्वतःच्या सभेत बघावं.

पायवाट

काका, हा मुद्दा मला सुचलाही नसता. धन्यवाद. (हे 'धन्यवाद' कोणत्या दिशेला गेलं ते उलटतपासणींनी तपासून घ्यावं.)

उलटतपासणी

तपासलं. पास.

रातकिडा

रुमाल उचलतो. तो स्वयंपाकी.

अली माओ मालीन. सोमालियातल्या मर्का गावच्या रुग्णालयात स्वयंपाकी होता. १९७७ मध्ये त्याला देवी आल्या. निसर्गातून पसरलेल्या देवीच्या साथीचा जगातला तो शेवटचा रुग्ण. रुग्णालयातच काम, तरी त्याने लस टाळली होती, सुईची भीती वाटायची म्हणून. तो वाचला. त्याच्या संपर्कात आलेल्यांना शोधून लस दिली गेली आणि १९८० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने देवी जगातून गेल्याचं जाहीर केलं.

माणूस एवढ्यावर थांबला असता तरी इतिहासात नाव राहिलंच होतं. पण पुढे पोलिओची मोहीम आली तेव्हा तो तिच्यात उतरला. लस नको म्हणणाऱ्या आईबापांपुढे बसायचा आणि स्वतःची गोष्ट सांगायचा. मीही घाबरलो होतो, मग काय झालं ते ऐका. २०१३ मध्ये पोलिओचंच काम करत असताना मलेरियाने गेला.

त्याच्या मनात कृतज्ञता होती की आणखी काही, हे मी कोण सांगणार. पण आकडेमोड म्हणतात ती 'परतफेड' त्याने केलेली दिसत नाही. देवीचं देणं त्याने पोलिओच्या खात्यात भरलं, आणि ज्यांच्यासाठी भरलं त्यांनी त्याला काहीच दिलं नव्हतं.

आकडेमोड

@रातकिडा, सुंदर. मी सांगितलेल्या प्रयोगातल्या पेचाचं उत्तर यात आहे. देणारा एक माणूस नसून माणसांची रांग आहे असं दिसलं, की परत कोणाला करणार? पुढेच द्यावं लागतं.

कोपऱ्यातली

माझं अगदी लहानसं. इमारतीचा कचरा उचलणाऱ्या बाईंबद्दल लिहायला घेतलं आणि "कितीला पडतं" पाशी अडले, कारण मला माहीतच नव्हतं. दुसऱ्या दिवशी विचारलं. त्यांनी तळहात पुढे केला. अंगठ्याच्या खाली जुना, पांढरा पडलेला काप, त्याला लागूनच एक ताजा. फुटलेला ग्लास काळ्या पिशवीत सैल टाकलेला होता. आता मजल्यावरच्या सगळ्यांना सांगून काच, ब्लेड, सुया जाड कागदात गुंडाळून वर लाल पेनाने लिहायला लावलंय. हातमोजे कंत्राटदाराने द्यायचे असतात, तो देत नाही. त्यासाठी सह्यांचा अर्ज फिरतोय. बारा घरांपैकी दोघं अजून सही करत नाहीयेत. "आपण कशाला पडायचं त्यात", हे त्यांचं उत्तर.

गंमत_जंमत

त्या दोघांना इथली लिंक पाठवा.

नवखा_७

मला सुरुवात करायची आहे. रोज लिहायचं का? रोज केलं की यांत्रिक होतं असं ऐकलंय.

पायवाट

@नवखा_७, रोज नको. आठवड्यातून एकदा, एकच माणूस किंवा एकच वस्तू, पण तळापर्यंत जायचं. रातपाळींचं पत्र वाचल्यापासून मी वहीला एक रकाना वाढवलाय : हे कोणाला कळवलं, आणि प्रत कोणाला. तो रिकामा असेल तर पुढचं पान सुरू करत नाही.

@कोपऱ्यातली, सह्या थांबल्या असतील तर त्या बाईंना विचारून त्यांचं म्हणणं अर्जात सगळ्यांत वर घाला, त्यांच्याच शब्दांत. नाव टाकायचं की नाही तेही त्यांनाच ठरवू दे, कंत्राटदार उद्या त्यांच्यावरच उलटायचा.

कोपऱ्यातली

नाव नको म्हणाल्यात. पण हातमोजे कोपरापर्यंतचे हवेत, मनगटापर्यंतचे नकोत, हे अर्जात घालायला सांगितलंय. मला सुचलंच नव्हतं. आज नवी प्रत काढते.